कॉम्प्युटरातली मावशी

महाडला मामाच्या घरी मी शिकायला राहिले तेव्हा सगळ्यात जास्त वेळ लागला तो तिथल्या आवाजांची सवय व्हायला. आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर. तिथं सकाळी जाग यायची म्हशींच्या रेकण्यानं आणि बाबांच्या खोकल्यानं, आणि संध्याकाळी शेळ्या गोठ्यात आल्या की दिवस संपायचा. मामाच्या घरात दिवस संपतच नसे. मामी कारखान्यांतल्या कामगारांचे डबे करायची, आणि कारखाने तीन पाळ्यांत चालायचे, त्यामुळे आमची चूलही तीन पाळ्यांत चालायची. पहाटे भोंगा व्हायचा तेव्हा पहिली परात पिठानं भरलेली असायची. मग थपथप, थपथप, मामीच्या आणि तिच्या दोन मदतनीस बायकांच्या भाकऱ्या एका तालात सुरू व्हायच्या. डब्यांची झाकणं लागायची, सायकलींच्या घंट्या वाजायच्या, आणि या सगळ्यावरून एसटी स्टँडच्या लाउडस्पीकरचा आवाज यायचा. पोलादपूरच्या गाडीचं नाव पुकारलं की माझा हात कामावर थांबायचा. मामीच्या ते लक्षात आलं होतं. ती म्हणायची, "जा गो शनवारी. आत्ता त्या कांद्याकडं बघ, नायतर बोट जाईल."

मामी आमच्याच बाजूच्या एका वाडीतली. लग्न होऊन महाडला आली, पण बोलणं डोंगरावरचंच राहिलं. मामा कारखान्याची बस चालवायचा आणि घरात फार कमी बोलायचा. त्याच्या वाटचंही मामी बोलायची. तिच्या हातच्या वालाच्या बिरड्यासाठी कामगार रविवारची वाट बघायचे. दासगावची एक कोळीण खाडीची मासळी घेऊन दारात यायची, टोपली उतरवायची, आणि मामीशी इतक्या जोरात भांडायची की नव्या भाडेकरूला वाटावं आता हाणामारी होणार. भांडण संपलं की दोघी एकाच पायरीवर बसून चहा प्यायच्या. मार्चात चवदार तळ्यावर माणसं यायची तेव्हा आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. मामी दारात पाण्याचे हंडे भरून ठेवायची आणि जो थांबेल त्याला गाव विचारायची. तिला माणसांचं गाव विचारायची हौस होती. परभणी, नांदेड, अकोला, ही नावं तिला तशीच कळली.

घराची पुढची खोली मामानं नितीन नावाच्या एका ओळखीच्या मुलाला दिली होती. त्यानं तिथं सायबर कॅफे थाटला. चार कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडचे आडोसे, भिंतीवर धबधब्याचं एक पोस्टर. सकाळ-संध्याकाळ कॉलेजची मुलं यायची, परीक्षांचे निकाल बघायला, नोकरीचे अर्ज भरायला, आणि बरीचशी उगाच. दुपारी नितीन एका क्लासमध्ये शिकवायला जायचा, तेव्हा गल्ल्यावर मी बसायचे. दुपारी गिऱ्हाईक फारसं नसायचं, आणि नितीननं मला सांगून ठेवलं होतं की रिकाम्या वेळात इंटरनेट वापरत जा. जोडणी लागताना तो मोडेमचा डबा जो किंचाळायचा, तो आवाज आजच्या मुलांना कसा समजावून सांगायचा मला कळत नाही. मामी आतून ओरडायची, "कोंबडं कापल्यासारखं काय वरडतंय गो त्ये?" मग पडद्यावर हळूहळू, वरून खाली, जग उतरायचं.

माझं जग म्हणजे मराठी माणसांची एक साईट होती. ती आता नाही. कधीतरी एक दिवस उघडली नाही, ती नाहीच. तिथं देशोदेशीची मराठी माणसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. कुणी गावच्या जत्रेच्या आठवणी लिहायचं, कुणी फोडणीत हिंग आधी की मोहरी आधी यावर आठवडाभर वाद घालायचं. खरी नावं कुणी देत नसे. मी 'डोंगरची' झाले. एकदा मी कुळथाची पिठी कशी करतात ते लिहिलं, अगदी मामी करते तसं, तर मस्कतमधल्या एका माणसानं उलट लिहिलं की तुमचं वाचून मी ऑफिसात रडलो आणि संध्याकाळी कुळीथ शोधत गाव पालथं घातलं. मी ते मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग? मिळालं का त्याला?" मिळालं नव्हतं. मामी हळहळली. तिच्या लेखी मस्कत हे परभणीसारखंच एक गाव होतं, जरा लांबचं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरलं. तसं ते दर दोन-चार वर्षांनी शिरतंच. महाडकर सामान माळ्यावर चढवतात आणि पाणी उतरायची वाट बघतात. पाणी उतरलं आणि मागून कावीळ आली. गल्लीतल्या बऱ्याच जणांना झाली, पण मला चांगलीच झाली. बाबा येऊन मला वाडीवर घेऊन गेले. तेल नाही, तिखट नाही. ताकभात, उसाचा रस आणि आईच्या हातचा काढा. गणपती गेले, दसरा गेला, मी खाटेवर. दिवाळीनंतर डोळे पांढरे झाले, डॉक्टरांनी बरी झालीस म्हणून सांगितलं, आणि मी परत महाडला आले. सगळ्यांना आनंद झाला. मामीनं त्या दिवशी बिरडं केलं. मी ते खाल्लं आणि मला त्याची काही चवच लागली नाही.

मला वाटलं, तोंडाला चव यायला वेळ लागत असेल. पण चव आली नाही, झोपही आली नाही. वर्गात बाकीचे पुढं गेले होते. सर फळ्यावर काय लिहितात ते मी उतरवून घ्यायचे, पण अक्षरं डोक्यात शिरायची नाहीत. मैत्रिणी हसल्या की मीही हसायचे, आणि मला वाटायचं की हे हसू मी कुणाचं तरी मागून आणलंय. सकाळी उठून वेणी घालायची म्हणजे घाट चढण्याएवढं वाटायचं. ज्यांना नंतर कळलं ते मला विचारायचे, असं व्हायचं कारण काय होतं गं? प्रेमप्रकरण? घरात त्रास? मला कारण सांगता यायचं नाही. घरात मला फुलासारखं जपत होते. आई-बाबांनी अख्ख्या वाडीत पहिल्यांदा मुलगी कॉलेजात घातली होती. मामी माझ्या ताटात पहिली गरम भाकरी वाढायची. आणि इतकं सगळं असून मला जगणं नकोसं होतंय, याचीच मला इतकी लाज वाटायची की ते कुणापुढं उच्चारणं शक्य नव्हतं. मामी विचारायची, "काय झालं गो? तोंड का उतरलंय?" मी म्हणायचे, "काय नाय." माणसांनी गच्च भरलेल्या त्या घरात हे दोन शब्द मी दिवसाला किती वेळा म्हटले असतील!

माझ्या मनात पुढं काय काय ठरत गेलं ते मी इथं लिहिणार नाही. ते लिहून कुणाचं भलं होणार नाही. एवढंच सांगते की एका दुपारी ते जवळजवळ ठरलं होतं, आणि ते ठरल्यामुळे मला हलकं वाटत होतं. आता मला माहीत आहे की ते हलकं वाटणं हेच सगळ्यात धोक्याचं असतं. तेव्हा माहीत नव्हतं.

त्या दुपारी कॅफेत कुणी नव्हतं. आत भाकऱ्या चालू होत्या. मी साईट उघडली. तिथं एक कोपरा होता, लोक मनातलं लिहायचे तो. मी आधी कधी तिथं गेले नव्हते. मी लिहिलं, 'मी आता थकले आहे. तुम्हा सगळ्यांचं वाचून बरं वाटायचं. धन्यवाद.' बस एवढंच. निरोप घ्यावा असं वाटलं म्हणून लिहिलं, आणि ज्यांचा निरोप घेणं सोपं होतं त्यांचाच घेतला. कारण ती माणसं मला ओळखत नव्हती. त्यांनी मला ताटात भाकरी वाढली नव्हती. त्यांच्यापुढं मला लाज नव्हती.

उत्तरं आली. एकानं आयुष्य किती सुंदर आहे यावर लांबलचक लिहिलं. एका बाईनं लिहिलं की आई-वडिलांचा विचार कर, त्यांना काय वाटेल. ते वाचून मी आणखीच खाली गेले, कारण त्यांचाच तर विचार करत होते. एकानं लिहिलं, 'लक्ष वेधून घ्यायची नाटकं.' आणि मग बाजूला एक छोटी खिडकी उघडली. 'मावशी' नावाच्या बाईनं मला एकटीला लिहिलं होतं. ही मावशी पाककृतींच्या पानावर असायची, थोडं बोलायची, कुणाची टिंगल करायची नाही. माझ्या डोळ्यांपुढं तिची एक आकृती होती: पन्नाशीची, चष्म्याची, कडक इस्त्रीची सुती साडी नेसणारी, बहुतेक शाळेत मुख्याध्यापिका.

तिनं लिहिलं होतं, 'डोंगरची, मी सरळ विचारते, राग मानू नकोस. तुझ्या मनात मरायचा विचार आहे का?'

मी त्या वाक्याकडे बघत बसले. इतक्या महिन्यांत कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. विचारतंय कोण, कुणाला सुचणार? मी टाइप केलं, 'हो.'

'बरं झालं सांगितलंस,' तिनं लिहिलं. 'मी कुठंही जात नाही, इथंच आहे. आजच करायचं मनात आहे का?'

मी पुन्हा 'हो' लिहिलं. तिनं उपदेश केला नाही. असं का वाटतं, कधीपासून वाटतं, झोप लागते का, जेवण जातं का, असं एकेक विचारत गेली आणि मी उत्तरं देत गेले. काविळीचं लिहिलं, वर्गाचं लिहिलं, बिरड्याचं लिहिलं. तिनं लिहिलं, 'तू आजारी आहेस. कावीळ शरीरातून गेली, पण तुला अजून बरं वाटलेलं नाही. याला औषध असतं, डॉक्टर असतात. पण मी फार लांब आहे गं. मला तुझा हात धरता येत नाही. आत्ता या घडीला तू हाक मारलीस तर कोणाला ऐकू जाईल?'

आत थपथप चालू होती. मी लिहिलं, 'मामीला.'

'मग मार हाक. मी वाट बघते.'

मी लिहिलं, 'नको. तिला काम आहे.' आज हे लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा ते मला खरंच पुरेसं कारण वाटलं होतं. दुसऱ्या पाळीचे डबे जायचे होते.

मावशीनं लिहिलं, 'तिला माझ्यासाठी बोलाव. सांग, एक बाई तुझ्याशी बोलायचं म्हणतेय.'

हे मात्र जमण्यासारखं होतं. कुणी तिच्याशी बोलायचं म्हणतंय म्हटलं तर मामी परातीतूनसुद्धा उठून येईल हे मला माहीत होतं. मी हाक मारली. मामी आली ती पिठाचे दोन्ही हात वर धरून.

"कोण बाय हाय? मस्कतची काय?"

"नाही, दुसरी आहे. मावशी नाव आहे तिचं."

"कुठली?"

"माहीत नाही."

मामी खुर्चीच्या कडेला टेकली. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती. "वाच," ती म्हणाली. पडद्यावर नवी ओळ आली होती. मी ती वाचून दाखवायला लागले, मावशीच्या आवाजात वाचावी तशी, जणू माझा काही संबंधच नाही. "मामी, नमस्कार. तुम्ही तिच्याजवळ बसा. तिला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकून घाबरू नका आणि तिला रागावू नका. तिला बऱ्याच दिवसांपासून..."

आणि लाईट गेली.

त्या वर्षी लोडशेडिंग फार होतं. वेळ ठरलेली असायची, आणि मी रोज त्या वेळेआधी सगळं बंद करायचे. त्या दिवशी माझ्या ध्यानातच नव्हतं. नितीनच्या कॉम्प्युटरांच्या बॅटऱ्या कधीच बाद झाल्या होत्या. पडदा एकदम काळा झाला, पंखा घरघरत थांबला, गल्लीत कुणीतरी वैतागून ओरडलं. आतल्या बायकांच्या भाकऱ्या तेवढ्या चालू राहिल्या. काळ्या काचेत मला आम्ही दोघी दिसत होतो, मी आणि पिठाचे हात वर धरलेली मामी.

"तिला बऱ्याच दिवसांपासून काय?" मामी म्हणाली.

मी त्या काळ्या काचेकडेच बघत होते.

"सुगंधे. काय लिवलं होतं तिनं पुढं?"

वाचायला आता काहीच नव्हतं. मावशीच्या आडून बोलायची सोय गेली होती. मी म्हटलं, "मामी, मला मरावंसं वाटतंय."

मला वाटलं होतं ती किंचाळेल, नाहीतर थोबाडीत देईल. मामीनं दोन्ही हात तसेच खाली आणले आणि माझा हात धरला. ओलं पीठ माझ्या मनगटाला लागलं. तिनं विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून," ती म्हणाली. मग आत तोंड करून ओरडली, "पारू, डबे तुम्ही दोघी भरा गो! मला येळ हाय!" आणि माझ्याकडं वळून, "बोल. समदं बोल. मी नाय उठत."

मी बोलले. मध्येच एक मुलगा निकाल बघायला आला, त्याला मामीनं लाईट नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. मला रडू आलं तेव्हा तिनं पदर पुढं केला आणि मग लक्षात आलं की पदरालाही पीठ लागलंय. माझं बोलून झालं तेव्हा तिचे हात वाळून पांढरेफट्ट झाले होते. ती म्हणाली, "मी रोज विचारत होते तुला. पन मला वाटायचं, घरची आठवन येत असंल." मग तिनं बोटांवरचं वाळलेलं पीठ खरवडलं. "आता एक काम कर. माझ्या नजरंसमोरनं हलायचं नाय. न्हायला गेलीस तरी मी भायेर हुबी. चालंल?"

"चालेल," मी म्हटलं. आणि खरं सांगते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचातरी आधार वाटला. माझ्यावर लक्ष ठेवायचं ओझं आता मी एकटीच वाहत नव्हते.

लाईट आली ती ऊन उतरल्यावर. मी उठलेसुद्धा नव्हते, तर मामीच म्हणाली, "अगो, ती बाय! तिला कळव आधी. ती तिकडं जीव मुठीत धरून बसली असंल." मी सगळं चालू केलं, मोडेमचा डबा किंचाळला, आणि खिडकी उघडली तर त्यात मावशीच्या ओळीच ओळी साचल्या होत्या. 'डोंगरची?' 'आहेस का?' 'मामी आल्या का?' 'काहीतरी लिही.' 'नुसतं एक अक्षर लिही.' मामीनं मला सगळ्या वाचायला लावल्या आणि मग स्वतः सांगितलं ते मी जसंच्या तसं टाइप केलं: 'मी मामी हाय. लाईट गेली होती. पोर माझ्याजवळ हाय. तू आता जेवून घे.'

पलीकडून आलं, 'जेवते.'

दुसऱ्या दिवशी मामी मला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पनवेलच्या मनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. मग कितीतरी महिने आम्ही दोघी एसटीनं पनवेलला जात होतो. गल्लीत मामीनं सांगितलं होतं की सुगंधाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते, आणि ते पटावं म्हणून तिनं मला शून्य नंबरचा एक चष्माही घ्यायला लावला. तो घालून मी कॉलेजात जायचे. मैत्रिणी म्हणायच्या, चांगला दिसतो गं. त्या फेऱ्यांची आठवण आली की मला आजही बरं वाटतं. मामीला खिडकीची जागा लागायची. वाटेत गाडी थांबायची तिथं ती उकडलेल्या शेंगा घ्यायची, शेजारच्या बाईला गाव विचारायची, आणि पनवेल येईपर्यंत त्या बाईच्या सुनेचं माहेरसुद्धा आम्हाला कळलेलं असायचं. औषधं लगेच लागू पडली नाहीत. आधी झोप आली. मग एका सकाळी वेणी घालून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आज ती घालताना काही वाटलं नाही. असं हळूहळू, चोरपावलांनी जगणं परत आलं. मध्ये दोनदा मी पुन्हा खचले, डॉक्टरांनी गोळी बदलली, मामीनं पुन्हा नजर ठेवली. पण मग ते दुखणं निघून गेलं.

वाडीवरही मामीच आली सांगायला. मी आईपुढं बसले होते आणि बोलली मामी. आईनं सगळं ऐकलं, उठून गोठ्यात गेली, आणि बऱ्याच वेळानं आली ती डोळे पुसून. मला जवळ घेऊन म्हणाली, "माझ्या पोटात ठेवलं असतं तुला, पन तू आता मोठी झालीस." बाबांना नीट उमगलं नाही, पण तेव्हापासून ते दर आठवड्याला म्हशीच्या दह्याचं गाडगं घेऊन डोंगर उतरायचे, एसटी पकडून महाडला यायचे, गाडगं ठेवायचे, माझ्याकडे एकदा बघायचे आणि चहा पिऊन परत जायचे. मुंबईला असलेला माझा भाऊ दर रविवारी समोरच्या दुकानात फोन करायचा आणि हिंदी सिनेमातले विनोद सांगायचा. ते विनोद फार वाईट असायचे. मी एक वर्ष उशिरा का होईना, बी.एस्सी. झाले. आज पोलादपूरला शाळेत विज्ञान शिकवते. केस पांढरे झालेत, नवरा, दोन मुलं, बरं चाललं आहे. वर्गात एखादी मुलगी 'बाई, काही नाही' म्हणाली की मी तिला मधल्या सुट्टीत पुन्हा विचारते, आणि सरळ विचारते. सरळ विचारल्यानं कुणी मरणाच्या वाटेला लागत नाही. माझ्यासारखी एखादी उलट मागं फिरते.

मावशीशी माझं लिहिणं चालू राहिलं. ती रोज येऊन दोन ओळी विचारायची. मामीचेही निरोप जायचे, त्यात मुख्यतः जेवणाची चौकशी असायची. मी बरी झाले तसं आमचं बोलणं पुन्हा फोडणी आणि हिंगावर आलं. नावगाव मात्र आम्ही एकमेकींना विचारलं नाही. त्या साईटवर तशी रीतच नव्हती, आणि मला वाटतं आम्हाला दोघींनाही थोडी भीती होती. मग माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेनंतर तिनं लिहिलं, 'मी नाशिकची. मे महिन्यात आईला घेऊन गणपतीपुळ्याला चाललेय. रस्ता महाडवरूनच आहे. येऊ का?'

मामीनं दोन दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतलं. कोळणीला खास मासळी सांगून ठेवली, मग मावशी मासे खात नसेल तर म्हणून बिरडंही भिजत घातलं. दुपारी दारात गाडी थांबली. मागच्या दारातून एक वयस्कर बाई उतरल्या: चष्मा, इस्त्रीची सुती साडी. मी धावत पुढं गेले आणि वाकून पाया पडले. "मावशी!" म्हटलं. त्या गोंधळल्या. त्यांच्या मागून सलवार-कमीज घातलेली एक मुलगी उतरली, फार तर माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. पोनीटेल, हातात पाण्याची बाटली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ती माझी आई," ती म्हणाली. "मावशी मी."

"तुम्ही?" मी म्हटलं. "पण तुम्ही तर..."

"अगं, मुलीचं नाव घेऊन लिहिलं की तिथं नको ती माणसं नको ते बोलायला यायची. मावशी म्हटलं की कुणी फिरकत नाही."

मामी दारातून बघत होती. तिला उलगडा झाला तशी ती कमरेवर हात ठेवून जी हसायला लागली ती थांबेचना. "आन मी हिला जेव जेव सांगत होते! हिलाच कोनी वाढायला पायजे! ये गो, ये बाय आत."

तिचं नाव मेधा. ती एका कंपनीत हिशेबाचं काम करायची. भिंतीला टेकून पानावर बसता बसता तिनं हळूच मला सांगितलं की त्या दिवशी ती ऑफिसात होती. मी एकदम गप्प झाले तेव्हा तिला फक्त महाड एवढंच माहीत होतं, तेही एकदा मी पुराबद्दल लिहिलं होतं म्हणून. ती टेलिफोनच्या चौकशी खात्याला महाडच्या पोलीस स्टेशनचा नंबर विचारत बसली होती आणि नंबर मिळाल्यावर तिच्या लक्षात आलं की सांगायचं काय? नाव नाही, पत्ता नाही. तिचे साहेब दोनदा येऊन गेले, आणि ती पडद्यासमोरून हलली नाही. "तसलं मी आधी कधी कुणाशी बोलले नव्हते," ती म्हणाली. "मला काय बोलायचं ते माहीतसुद्धा नव्हतं. मला फक्त तुला जाऊ द्यायचं नव्हतं."

मामी वाढत होती. मेधाच्या आईंनी मासळीचं कौतुक केलं, भाताबरोबर बिरडंही मागून घेतलं, आणि मग सहज विचारलं, "पण तुमची सगळ्यांची ओळख कशी हो झाली? ही मला काही नीट सांगतच नाही. म्हणते, कॉम्प्युटरवरची मैत्रीण आहे. सारखी त्या कॉम्प्युटरसमोर असते, मी रागावते तिला."

मेधा माझ्याकडे बघायला लागली. तिनं घरी सांगितलं नव्हतं, माझी गोष्ट माझी म्हणून. मामीचा हात भाताच्या पातेल्यात थांबला. मामा मान खाली घालून जेवत होता, तोही थांबला.

मी म्हटलं, "काकू, एका वेळेला मला जगायचं नव्हतं. कुणाला सांगता येत नव्हतं. तेव्हा या माझ्याशी बोलत बसल्या, आणि यांनी मला मामीला हाक मारायला लावली. म्हणून मी आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "ऑफिसात बसून तू हे करत होतीस?" त्या म्हणाल्या.

मेधानं मान हलवली. ती पानातला भात उगाच चिवडत होती.

काकूंचा उजवा हात बिरड्यानं भरलेला होता. त्यांनी डावा हात लेकीच्या पाठीवर ठेवला, आणि आमचं सगळ्यांचं जेवण पुन्हा सुरू झालं तरी तो तिथंच राहू दिला.